बाजेवरून भरतीला

कागद एकच होता आणि त्यात दोन सेंटिमीटर होते.

सैन्यभरतीला उंची लागायची एकशे अडुसष्ट. माजी सैनिकाचा मुलगा असल्याचा दाखला दाखवला, की एकशे सहासष्टवर भागायचं. म्हणजे ज्याच्या नावानं तो दाखला येईल त्याला उभ्याउभ्या दोन सेंटिमीटर मिळणार होते. आणि त्यांच्या पाठोपाठ वर्दी, काळी ट्रंक, कॅन्टीनचं कार्ड, सुट्टीवर येताना एसटीतून उतरलं की सगळ्या पारावरच्या माना वळणं, एवढा ऐवज. एवढा नफा देणारा दुसरा कागद आमच्या मोराळवाडीत तोवर आलेला नव्हता.

अडचण एवढीच, की वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडून तो दाखला एका भरतीला एकाच मुलाच्या नावानं यायचा. आणि घरात मुलं दोन. नाथा आणि मी.

पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा आबा ओसरीवर दाढी करत बसले होते. अर्ध्या गालाला फेस. त्यांनी हात टॉवेलला पुसले, पाकीट वस्तऱ्यानंच कडेकडेनं कापलं, आतला कागद वरपासून खालच्या शिक्क्यापर्यंत वाचला आणि घडी न घालता पुढं केला.

"नाथा, घे. फायलीत ठेव. दुमडू नको."

मी तिथंच उभा होतो. खांबाला टेकून, कागद आपल्याकडंच येणार अशा बेतानं हात मोकळे ठेवून.

बोलली ती आत्या. कोंडाआत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. दोन घरं सोडून राहायची, पण दिवसातून चारदा आमच्या घरात काय चाललंय ते तपासून जायची.

"रंगा, डोकं ठिकाणावर हाय का तुझं? पोटचं पोरगं खांबाला टेकून उभं हाय आन् कागूद कुनाला देतोयस?"

"ज्याच्या नावानं आलाय त्याला."

"आन् नाव कुनी घातलं?"

"मीच." आबांनी उरलेल्या गालावर वस्तरा ठेवला.

"आगं बया! दत्तकाला दूध आन् लेकाला ताक!"

नाथा कागद घेऊन आत निघून गेला. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "वन्सं, चहा गार व्हतोय." आईचं भांडण एवढंच असायचं. चहा गार होतोय म्हटलं, की पुढच्या माणसानं ओळखायचं.

आता नाथा कोण ते सांगतो. आबांचे थोरले भाऊ पान लागून, म्हणजे साप चावून, गेले, आणि वर्षाच्या आत वहिनीही गेल्या. मागं राहिला महिना-दोन महिन्यांचा नाथा. आबांच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता. आबांनी सुट्टी काढली, तालुक्याला जाऊन रीतसर दत्तकपत्र केलं आणि पलटणीत परत गेल्यावर तिथल्या कागदोपत्री नाथाला पहिला मुलगा म्हणून चढवला. त्याच वर्षी आई गरोदर राहिली. गाव म्हणालं, हवालदारानं घाई केली. मी जन्मलो तेव्हा तर गावाला खात्रीच पटली.

आईनं आम्हाला एका ताटात जेवू घातलं, एका गोधडीत निजवलं, आणि मारायची वेळ आली तर दोघांना मोजून सारखंच मारलं. पण गावाला विसर पडत नव्हता. शाळेत मास्तरनं हजेरी घेताना, लग्नात पंगतीला बसताना, कुणी ना कुणी म्हणायचंच, "ह्यो हवालदाराचा. आन् ह्यो दत्तक." नाथा ते ऐकून हसायचा. मीही हसायचो. दोन्ही हसण्यांत फरक होता हे मला तेव्हा कळत नव्हतं.

दाखला आला त्या वर्षी नाथा एकविसाला टेकला होता आणि मी वीस पुरा. आमच्या जिल्ह्यात भरती दोन-अडीच वर्षांनी यायची. पुढच्या वेळी दोघंही वयातून बाद. आणि उंची म्हणाल, तर आबांनी सुताराचा गुण्या लावून दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. माझी रेघ मारायला गेले तर ती नाथाच्या रेघेवरच बसली. एकशे सदुसष्ट आणि दोन मिलीमीटर. दोघंही. आठ मिलीमीटरनं दोघंही बाद, आणि वाचवणारा कागद एक.

आज मी हायवेला वजनकाटा चालवतो. ट्रक भरून माल येतो, मी आकडा सांगतो आणि लोक मान डोलावून जातात. तरी त्या दिवशी आबांनी केलेलं माप मला काही केल्या पटेना.

संध्याकाळी मी त्यांना गाठलं. "आबा, माझं काय?"

"तुझं बघू."

"काय बघू?"

"तू भरतीला झोपून जायचं."

मला वाटलं चेष्टा चाललीय. पण आबा चेष्टा करायचे ती तोंड सरळ ठेवून, आणि खरं बोलायचे तेही तोंड सरळ ठेवूनच. त्यामुळं समोरच्याची पंचाईत व्हायची.

"एकाहत्तरच्या लढाईत गुडघ्यात लोखंड घुसलं," ते म्हणाले, "तवा मिलिटरी हॉस्पिटलात तीन महिने पडून होतो. उठलो, डॉक्टरनं मापलं. म्हणाला, नाईक, तू दीड सेंटिमीटर वाढलास. म्हटलं, साहेब, जेवण चांगलं हाय. तर म्हणाला, जेवण नव्हे. माणूस उभा राहिला की दिवसभर स्वतःच्याच वजनानं दबतो. आडवा झाला की सुटतो. रात्री निजताना असतो त्यापेक्षा सकाळी जरा उंच उठतो. उठून फिरला की परत गेला."

"मग?"

"मग तू आदल्या दिवसापासून आडवा. थेट पट्टीखालीच उभं राहायचं. तोवर जमिनीला पाय लावायचा नाही."

आमच्या उंचीचा आबांना नाद फार जुना. पलटणीत असताना आई दर पाडव्याला आम्हाला भिंतीला उभं करायची, टाचेपासून टाळूपर्यंत दोरा धरायची, तोडायची आणि पत्रात घालून धाडायची. नाथाचा लाल, माझा पांढरा. एकदा लडाखात बर्फानं वाट बंद झाली आणि टपाल पाच महिने अडकलं. पत्र हाती आलं तेव्हा आबांनी म्हणे दोन्ही दोरे बंकरच्या भिंतीला खिळ्यानं लटकवले आणि सगळ्या सेक्शनला दाखवले, की ही माझी पोरं. कुणीतरी विचारलं, फोटो नाही का? तर म्हणाले, फोटोत पोरं केवढी आहेत ते कुठं कळतं? असा माणूस. त्यानं माझ्या बाबतीत असं करावं, याचा मला जास्त राग.

तो राग मी नाथावर काढला. तो दिवसातून दोनदा तरी फाईल उघडून तो कागद बघायचा. काय बघायचा कोण जाणे. सहा ओळींचा तर मजकूर.

"पाठ झाला का रं?" मी विचारायचो. "का परीक्षा हाय त्याच्यावर?"

नाथा फाईल मिटायचा.

भरतीच्या आदल्या दुपारी आबांनी ओसरीवर बाज टाकली आणि मला आडवं केलं. आईनं पडल्यापडल्या दहीभात भरवला. आत्या येऊन पायथ्याशी उभी राहिली.

"रंगा, जितं पोरगं बाजेवर घातलंस. अपशकून रं, अपशकून!"

"अक्का, त्याला उंच व्हऊ दे. तू सावली पाडू नको."

पहाटे गावचा टोमॅटो वाहणारा जालिंदर टेम्पो घेऊन आला. बाज मला घेऊनच वर चढवली. उन्हं लागू नयेत म्हणून आईनं पांढरी चादर गळ्यापर्यंत ओढली. एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला फाईल मांडीवर धरून नाथा. नाथा बसू शकत होता. त्याच्याकडं कागद होता.

मोठ्या फाट्यावर जालिंदर हवा भरायला थांबला तेव्हा दिवस वर आला होता. चहाच्या गाड्यावरची माणसं उठून उभी राहिली. एकानं टोपी काढली. दोघांनी हात जोडले. डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी टेम्पोजवळ आली, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"तरनाताठा की ओ! केवढा व्हता?"

"वीस," आबा म्हणाले. वय विचारलं, वय सांगितलं.

"आगं आई! आन् कशानं झालं?"

"उंचीनं."

म्हातारी विचारात पडली. एवढ्यात माझ्या नाकात धूळ गेली आणि मी शिंकलो. म्हातारीची पाटी एकीकडं, म्हातारी एकीकडं. गाड्यावरची माणसं दोन पावलं मागं. जालिंदरनं हवा अर्धवट टाकून टेम्पो काढला. नाथा हसून हसून फाळक्यावर पालथा पडला. मलाही हसू फुटत होतं, पण आबांनी छातीवर हात दाबला.

"हसू नको. आखडशील."

मैदानाच्या अलीकडं कोसभर पोलिसांनी बांबू आडवा टाकला होता. त्यांच्यातल्या एकानं टेम्पोत डोकावलं.

"गाडी पुढं नाही. हा कोण? पेशंट?"

"उमेदवार," आबांनी आपलं माजी सैनिकाचं कार्ड दाखवलं.

"मग उतरवा की खाली. चालत जाऊ द्या."

"चालला तर कमी व्हईल."

पोलिसानं कार्ड बघितलं, मला बघितलं, आबांना बघितलं. नोकरीत बरंच काही पाहिलेला माणूस असावा. म्हणाला, "न्या. पण गाडी नाही."

जालिंदर टेम्पो सोडून येणार नव्हता. मागल्या वेळी त्याची बॅटरी चोरीला गेली होती. आबा डोक्याकडच्या बाजूला गेले. नाथा फाईल माझ्या पोटावर ठेवून पायाकडं वाकला.

"तू नको," आबा म्हणाले. "तुला सोळाशे मीटर पळायचंय. खांदे भरून येतील."

"मग दुसरी बाजू कोन धरनार?"

"बघतो कुनीतरी."

"आबा, हितं कोन ओळखीचं हाय?"

मी म्हणालो, "राहू द्या. मी चालतो."

"तू गप पड," दोघंही एकदम म्हणाले.

मग नाथानं उत्तराची वाट न बघता पायाकडचे दोन्ही खूर धरून ती बाजू खांद्यावर उचलली. बाज कलली आणि मी डोक्याकडं घसरलो. तेव्हा आबांना उचलावीच लागली.

ती वाट मी सगळी आभाळाकडं बघत गेलो. डोक्यावर आबांची उलटी हनुवटी, तिच्यावरून घाम ओघळून माझ्या कपाळावर. त्यांचा डावा पाय पडला की बाज खाली बसायची. उजवा पडला की वर यायची. लढाईतलं लोखंड डाव्या गुडघ्यात होतं. सुरुवातीला बाज थोडी बसायची. पुढं पुढं जास्त बसायला लागली. मी दोनदा म्हणालो, थांबा. आबा दोनदाही थांबले नाहीत, तिसऱ्यांदा न सांगता थांबले, रुमालानं तोंड पुसलं आणि नाथाला म्हणाले, "खांदा बदल." आपला बदलला नाही, कारण दुसऱ्या बाजूला तोलच राहत नव्हता.

मैदानात रांगांसाठी बांधलेल्या दोरीच्या आत गर्दी मावत नव्हती. आमच्या बाजेला बघून पोरं आपोआप वाट द्यायला लागली. काही हसली, काही गप्प झाली. उंचीच्या पट्टीपाशी एक सुभेदार बसले होते, मराठीच. नाथाची पाळी आधी आली. त्यानं फाईल उघडून तो दाखला टेबलावर ठेवला.

सुभेदारांनी वाचला. "हवालदार रंगनाथ गलांडे यांचा मुलगा?"

"होय साहेब!"

नाथा एवढ्या मोठ्यानं बोलल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. शेजारच्या पट्टीवरचा जवान वळून बघायला लागला. नाथा एकशे सदुसष्ट भरला. कागदासकट पास. पुढच्या रांगेत गेला.

मग मी. आबांनी बाज थेट पट्टीपाशी आणली, माझ्या काखेत हात घालून मला सरळ उभं केलं आणि बाजूला झाले. मैदान गरगर फिरलं. डोक्यावर लाकडी पट्टी टेकली.

"एकशे सदुसष्ट," सुभेदार वाकून म्हणाले, "आणि सात."

तीन मिलीमीटर. आदल्या दुपारपासून आडवा पडून, मढं होऊन, दोन माणसांच्या खांद्यावर येऊन मी पाच मिलीमीटर वाढलो होतो आणि तीननं राहिलो होतो.

सुभेदारांनी लिहिलं नाही. पेन्सिल धरून आबांकडं बघितलं. बाज, घाम, वाकडा पाय, सगळं त्यांनी बघितलं असणार.

"हवालदार, हाही तुमचाच?"

"होय साहेब."

"सख्खा?"

"होय साहेब."

"मग दाखला ह्याला का नाही? ह्याला दिला असतात तर हा आत होता."

मी आबांकडं बघत होतो. हा प्रश्न मी पाच आठवडे गिळून बसलो होतो.

"साहेब, हा जन्मानं आलाय," आबा म्हणाले. "मी ह्याचा बाप हाय हे कुठला कागद सांगत न्हाय, तरी गाव मानतंय. थोरला कागदानं आला. वीस वर्षं झाली, गाव त्याला कागदच ऐकवतंय. म्हटलं, एकदा त्याच्या हातात असा कागद पडू दे, ज्यात सरकारी शिक्क्यानिशी मुलगा लिहिलंय. नुसतं मुलगा. म्होरं काही न्हाय."

सुभेदारांनी पट्टीकडं परत बघितलं आणि आवाज खाली केला.

"तीनच मिलीमीटर आहेत, हवालदार. केसांत जातात."

खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात वर्दी अंगात चढवूनही बसलो होतो.

आबा ताठ झाले. डाव्या पायावर त्यांना ते जड गेलं, पण झाले.

"साहेब, पट्टी सांगतेय तेवढं लिहा. माझ्याच्यानं झालं तेवढं मी आणून दिलं. त्याच्या मागं दोनशे पोरं उभी हायत, आन् त्यांचे बाप दोरीच्या भायेर हायत."

सुभेदारांनी सात लिहिलं. मग उठून उभे राहिले आणि आबांना सलाम केला. सुभेदारानं हवालदाराला आधी सलाम करायची रीत फौजेत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आबांना होतं. ते गडबडले आणि चुकून आधी माझ्याकडं बघितलं.

नाथाची धाव दहा वाजता लागली. चार फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्यांत तो मधोमध होता. तिसरीत मागं पडला. हात वर उचलतच नव्हते, खांदे दगडासारखे. वेळ संपली, की मैदानावरचे जवान वाटेवर दोर आडवा टाकतात. दोराच्या पुढचे आत, मागचे घरी. आबा दोरीबाहेरून लंगडत पळत होते आणि ओरडत होते, "खांदे सोड, नाथा! खांदे सोड!" मीही ओरडत होतो. कधीपासून ते ठाऊक नाही. घसा बसला तेव्हा कळलं. दोर उचललेला दिसला. नाथा आला, आणि दोर त्याच्या टाचांमागं पडला. त्या गटातला तो शेवटचा गडी.

मी दोरीखालून घुसून त्याला मिठी मारली. त्याच्या उजव्या खांद्यावर बाजेच्या खुराचा लाल वळ उठला होता.

"यशा," तो धापा टाकत म्हणाला, "तुझं?"

"तीननं गेलं."

त्यानं रडायला सुरुवात केली. पास झालेला रडतोय आणि नापास झालेला समजूत घालतोय, असं ते चित्र. मागं वळून बघितलं तर आबा जमिनीवर बसले होते. पँट वर केली होती. गुडघा नारळाएवढा सुजला होता.

"काही न्हाय," ते म्हणाले. "हात द्या. उठतो."

दोनदा हात दिला. दोनदा उठले नाहीत.

नाथा जाऊन बाज घेऊन आला.

"खुळे झालात काय? जिवंत मानसाला बाजेवरनं नेत्यात व्हय?"

"सकाळी नेलंच की," मी म्हणालो. "गप पडा, आबा."

नाथा डोक्याकडं, मी पायाकडं. बांबूपाशी तोच पोलीस होता. त्यानं बाजेवरचा माणूस बदललेला बघितला, काही न विचारता बांबू वर केला. आबा आभाळाकडं बघत होते. अर्ध्या वाटेवर म्हणाले, "बाज अजिबात कलत न्हाय की रं."

"कशी कलंल?" नाथा मागून म्हणाला. "दोघं एकाच मापाचे."

त्यानंतर आबा काठीशिवाय चालले नाहीत. नाथानं चोवीस वर्षं नोकरी केली, सुभेदार होऊन परतला, आणि दर सुट्टीला मोठ्या डॉक्टरकडं चला म्हणून मागं लागला, मीही लागलो. आबांचं उत्तर ठरलेलं, चाललंय की. गेल्या वर्षी ते गेले. गावानं सभा घेतली. वक्ते म्हणाले, देशासाठी गुडघा दिलेला माणूस.

सभा होती, मी मध्येच उठून काही बोललो नाही. पण माप चुकीचं सांगितलेलं मला चालत नाही. लढाईनं त्यांचा गुडघा अर्धाच घेतला होता. उरलेला अर्धा आम्ही घेतला. पाव नाथानं, पाव मी.